बाणभट्टाची कादंबरी आणि दंडकारण्यातले शबर

मराठीत ज्या लेखनप्रकाराला आपण कादंबरी म्हणतो, त्याला हे नाव एका मुलीवरून पडले आहे. गुजराती माणूस त्याला नवलकथा म्हणतो, हिंदी भाषिक उपन्यास म्हणतो, आपल्या सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे बांधव नुसते नवल म्हणतात. आपण आणि कानडी मंडळींनी मात्र एका जुन्या संस्कृत पुस्तकाचे, आणि त्या पुस्तकातल्या गंधर्वकन्येचे, नाव उचलून साऱ्या जातीलाच देऊन टाकले. कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावे, तसाच हा प्रकार झाला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली. तेव्हापासून मराठीत कादंबऱ्यांचा नुसता पूर लोटला आहे. पण जिच्यावरून हे नाव आले ती बाणभट्टाची कादंबरी वाचलेला माणूस शोधू गेल्यास हाताची बोटे पुरतात.

महाविद्यालयात संस्कृत घेणाऱ्या मुलामुलींना तिचा एक तुकडा तेवढा भेटतो. त्याला शुकनासोपदेश म्हणतात. युवराज चंद्रापीडाला राज्याभिषेकापूर्वी म्हातारा प्रधान चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो : तारुण्याचा अंधार दिव्याने जात नाही, लक्ष्मी कोणाच्या घरी टिकत नाही, वगैरे. उतारा उत्तम आहे आणि परीक्षेला सोयीचा आहे. परंतु आज समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना मला त्या पुस्तकाच्या दुसऱ्याच दाराने आत न्यावयाचे आहे. ते दार आपल्या घराच्या बाजूला उघडते. कारण या कथेचा पहिला मोठा प्रसंग उज्जयिनीच्या राजवाड्यात घडत नाही. तो दंडकारण्यात, एका सावरीच्या झाडावर घडतो.

मी संस्कृतचा पंडित नव्हे, हे सांगावयास नको. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या पाळ्या, संघटनेच्या बैठका आणि वाचनालयाचे बाक यांच्यामधल्या वेळात झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘संस्कृत कविपंचका’त बाणावरचा निबंध वाचला, त्याने गोडी लागली. मग मोरेश्वर रामचंद्र काळे यांची सटीप आवृत्ती शब्दकोश मांडीवर घेऊन कैक वर्षे उपसली. तेव्हा जे सांगतो ते एका वाचकाने दुसऱ्या वाचकांना सांगितले, एवढ्याच अधिकाराने.

प्रथम ग्रंथकाराविषयी. बाण हा सम्राट हर्षाच्या दरबारातला. हर्षाचा राज्यकाळ ६०६ ते ६४७. म्हणजे पुस्तक सुमारे चौदाशे वर्षांचे झाले. प्राचीन संस्कृत कवींपैकी फार थोड्यांचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे. बाणाने मात्र आपले चरित्र ‘हर्षचरिता’च्या आरंभी स्वतःच लिहून ठेवले. शोण नदीच्या काठी प्रीतिकूट नावाच्या गावी वेदाध्ययन करणाऱ्या ब्राह्मणांच्या कुळात तो जन्मला. आई लहानपणीच वारली, चौदाव्या वर्षी बापही गेला. मग हा पोरका मुलगा घर सोडून भटकू लागला. कोणाबरोबर? त्याने चाळीसांवर सोबत्यांची यादी नावानिशी दिली आहे. तीत गारुडी आहे, सोनार आहे, चित्रकार आहे, मृदंग वाजविणारा आहे, पावा वाजविणारे दोघे आहेत, विड्याचे तबक धरणारा आहे, जुगारी आहे, नट आहे, नाचणारी आहे, किमया करणारा आहे, गोष्टी सांगणारा आहे. लोकभाषेत कविता करणारा ईशान हा तर त्याचा जिवलग मित्र. शूद्र मातेच्या पोटी जन्मलेल्या दोघांना तो यादीत सरळ भाऊ म्हणतो. एखाद्या कामगार वस्तीतल्या चाळीचा हजेरीपट वाचावा तशी ती यादी वाटते. हर्षाच्या कानांवर या भटकंतीची निंदा गेली होती. पहिल्या भेटीत राजाने त्याला भर सभेत छचोर ठरविले, आणि बाणाने ते निमूटपणे ऐकून न घेता आपल्या कुळाचा, अभ्यासाचा दाखला देऊन उत्तर केले. पुढे तोच राजाचा आवडता झाला.

हा जीवनक्रम एवढ्यासाठी सांगितला, की बाणाची भाषा राजसभेत घडली असली तरी त्याचे डोळे रस्त्यावर घडले होते. त्याच्या पुस्तकात या दोहोंचे भांडण जागोजाग दिसते, आणि माझ्या मते त्या पुस्तकाची खरी गंमत तेथेच आहे.

आता रचनेकडे वळू. जुन्या शास्त्रकारांनी गद्याचे दोन प्रकार केले : घडलेल्या गोष्टीवर रचलेली ती आख्यायिका, आणि कल्पनेने रचलेली ती कथा. ‘हर्षचरित’ आख्यायिका आहे, ‘कादंबरी’ कथा आहे. बुरडाच्या घरी टोपल्या एकीत एक घालून ठेवलेल्या असतात, तशी ही कथा आहे. विदिशेच्या शूद्रक राजाच्या सभेत एक चांडालकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. पोपट आपली हकीकत सांगू लागतो. त्या हकीकतीत जाबाली ऋषी येतात आणि पोपटाच्या पूर्वजन्माची गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत महाश्वेता आपली गोष्ट सांगते. नायिका कादंबरी भेटेपर्यंत बरेच पुस्तक उलटावे लागते. शाप, पुनर्जन्म, चंद्राने माणूस होऊन खाली येणे, हा सारा सांगाडा आजच्या वाचकाला परका वाटेल. पण एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात धरावी : या पुस्तकात कोणतेही वाक्य वाचताना ‘हे कोण बोलत आहे?’ असे विचारावे लागते. बाण स्वतः क्वचितच बोलतो.

वाक्यांविषयी तर मोठी ख्याती आहे. एक क्रियापद भेटेपर्यंत पान उलटते. विशेषणामागून विशेषण, समासात समास, एका शब्दाचे दोन अर्थ. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात कंटाळून म्हटले, की बाणाचे गद्य हे हिंदुस्थानातले जंगल आहे. झुडपे तोडून वाट काढावी तेव्हा कोठे पुढे जाता येते, आणि वाटेत अनोळखी शब्दांची श्वापदे दबा धरून असतात. त्या बिचाऱ्याने ही निंदा म्हणून लिहिली. परंतु जंगल ही निंदा कोणासाठी? ज्याला पलीकडे लवकर पोहोचावयाचे आहे त्याच्यासाठी. भामरागडच्या माणसाला जंगल ओलांडावयाचे नसते, त्यात राहावयाचे असते. तो झाड न् झाड ओळखतो. बाण तसाच वाचावा लागतो, पाऊल टाकीत, थांबत.

तर त्या सावरीच्या झाडाकडे येऊ. विंध्याटवीतल्या दंडकारण्यात, अगस्त्याच्या जुन्या आश्रमाजवळ, पंपा सरोवराच्या पश्चिम काठी एक प्रचंड जुनी सावर आहे, आणि तिच्या ढोलीढोलींत पोपटांची घरटी आहेत. बाणाचा भूगोल कवीचा भूगोल आहे. पंपा सरोवर लोक दूर दक्षिणेकडे दाखवितात, बाणाने ते खुशाल विंध्याजवळ आणले. तेव्हा ती सावर आमच्याच अमुक तालुक्यात होती, असा दावा मी करीत नाही. पण झाड आपल्या ओळखीचे आहे. आपला गोष्ट सांगणारा पोपट तेथे जन्मला. आई बाळंतवेणांत गेली. बाप म्हातारा, पंख झडलेले, उडवत नाही; दुसऱ्यांच्या घरट्यांतून खाली पडलेले साळीचे दाणे आणि फळांचे तुकडे वेचून तो पिलाला भरवितो. स्वतः उरलेसुरले खातो.

एके दिवशी पहाटे शिकारीचा कल्लोळ उठतो. पिलू काही पाहू शकत नाही, फक्त ऐकते. आणि बाण आपल्यालाही फक्त ऐकवितो. शिकारी एकमेकांना ओरडून सांगत आहेत : इकडे रानडुकरांनी चघळलेल्या नागरमोथ्याचा वास येतो आहे, इकडे हत्तीच्या पिलांनी मोडलेल्या सालईचा तुरट दरवळ आहे, इकडे वाळल्या पानांची कुरकुर झाली, इकडे रानरेड्याने शिंगाने वारूळ फोडले, त्याची धूळ उडते आहे. हे पान मी आपल्या भागातल्या लोकांना अर्थ सांगून वाचून दाखविले आहे, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने मान डोलावली आहे. सालई आपल्या डोंगरांवर आहे. रानम्हैस कोलामार्काच्या रानात अजून टिकून आहे. हत्ती तेवढे शतकानुशतके गोष्टीतले राहिले होते, तेही २०२१ साली छत्तीसगडातून कळपाने गडचिरोलीत उतरले. माग कसा काढतात हे ज्याने जवळून ऐकले आहे तोच असे लिहू शकतो. बाणाला हे राजवाड्यात कोणी शिकविले नसावे. भटकंतीच्या वर्षांतच कोठेतरी त्याने ते ऐकले असावे, असे माझे अनुमान आहे.

मग शबरांची सेना पुढे येते. तिच्या तरुण सेनापतीचे नाव मातंग. बाण त्याच्यावर पानेच्या पाने खर्च करतो. त्याला तो पुन्हा जन्मास आलेला एकलव्य म्हणतो. सेनापती सावरीच्या सावलीत बसतो, सरोवराचे पाणी पितो, कमळाचे देठ खातो आणि निघून जातो. त्याला पाहून पोपटाच्या मनात विचार येतात, आणि ते मोठे कठोर आहेत. या लोकांचे जगणे अज्ञानाचे. मांस आणि मद्य हे यांचे अन्न. कोल्हेकुई हे यांचे शास्त्र. घुबडे यांना बरेवाईट सांगणार. कुत्री यांची सोबती. आणि शेवटी पोपट म्हणतो, की ज्या रानात हे राहतात तेच रान हे मुळासकट उपटून टाकतात.

श्रोतेहो, या शेवटच्या आरोपापाशी मी पहिल्यांदा वाचताना थबकलो होतो. कारण तो आरोप मी पुष्कळ कचेऱ्यांत, पुष्कळ साहेबांच्या तोंडून, आधुनिक मराठीत ऐकलेला आहे. ‘जंगल यांनीच खाल्ले’ हे वाक्य चौदाशे वर्षांचे म्हातारे आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्याचा झाडा घेणे अवघड नाही. आज महाराष्ट्रात सर्वांत दाट आणि सर्वांत मोठे जंगल कोठे उरले? गडचिरोलीत; जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक जमिनीवर. तेथे कोण राहत आले? गोंड आणि माडिया. उलट, जेथून त्यांना हटविले तेथे रान राहिले काय, याचे उत्तर चंद्रपूरच्या लोकांनी खाणींच्या आसपास फिरून स्वतःच घ्यावे. शबर म्हणजेच गोंड, असे मी म्हणत नाही. संस्कृत ग्रंथकार रानातल्या कोणालाही शबर, पुलिंद, किरात अशी सरमिसळ नावे देत. पण आरोप ज्या बाजूने ज्या बाजूवर होतो, त्या दोन्ही बाजू बदललेल्या नाहीत.

मात्र येथे ‘कोण बोलत आहे?’ हा प्रश्न विसरू नये. हे मत पोपटाचे आहे. हा पोपट पूर्वीच्या जन्मांत ऋषिपुत्र आणि प्रधानाचा मुलगा होता. त्याला शास्त्रे पाठ आहेत. तो सभेत बोलतो आहे, राजापुढे. शबरांना पाहिल्यावर दरबारी विद्येने काय म्हणावयाचे हे ठरलेलेच होते, ते त्याने म्हटले. आणि त्याच्या पुढच्याच प्रसंगात बाणाने एक लहानसे विशेषण घातले आहे, त्याने माझ्यापुरते सारे पारडे फिरले.

सेना निघून गेली. एक म्हातारा शबर तेवढा झाडाखाली रेंगाळला. का? बाण सांगतो : त्याला हरणाच्या मांसाचा वाटा मिळाला नव्हता. एवढेच. मग तो म्हातारा ते प्रचंड झाड चढतो, जणू जिना चढावा तसा, आणि घरट्यांतून पोपटांची पिले फळे तोडावीत तशी काढून, माना मुरगाळून खाली टाकतो. पोपटाचा बाप पिलाला पंखांखाली झाकून घेतो. म्हाताऱ्याचा हात ढोलीत येतो. बाप मरतो, पिलू त्याच्या छातीला चिकटलेले खाली पडते आणि वाळल्या पानांच्या ढिगाने वाचते. शबर खाली उतरतो, मेलेली पिले वेलीने बांधतो, पानांच्या पुड्यात भरतो आणि सेनापती गेला त्या वाटेने झपाझप चालू लागतो. पिलाला तहान लागली आहे. बाप नुकताच मेला आणि मला पाणी हवेसे वाटते, जगण्याच्या इच्छेपुढे दुसरे काही नाही, असे ते स्वतःलाच धिक्कारते. एरवी पानभर वाक्य लिहिणारा बाण येथे आखूड आखूड वाक्ये लिहितो. विद्यार्थ्यांनी शैली म्हणजे काय हे शिकावयाचे असेल तर शुकनासाच्या भाषणाइतकेच हे पान शिकावे.

काही वर्षांपूर्वी तेंदूच्या हंगामात एका फळीवर पुड्यांच्या मोजणीवरून तंटा झाला होता. कंत्राटदाराचा माणूस यावयाचा होता, वाट पाहत सारे बसले होते. तेवढ्यात मी ही गोष्ट सांगितली. बायका पिलासाठी हळहळल्या. एका म्हाताऱ्याने मात्र एकच विचारले, ‘‘मंग त्या बुढ्याले हिस्सा काऊन नाई देल्ला?’’ काणे, काळे यांच्या टीपांत हा प्रश्न मला आढळला नाही. पंडितांनी त्या शब्दाचा समास सोडवून दाखविला, विग्रह दिला. वाटा का मिळाला नाही हे विचारावयास वाट्यावर जगणारा माणूसच लागला. शिकार सर्वांनी मिळून केली. सेनापतीने सावलीत विश्रांती घेतली. आणि सर्वांत म्हातारा, ज्याच्याने आता हरिणामागे धाववत नाही, तो रिकामा राहिला. झाडावर चढला तो दुष्टपणाने की भुकेने, हे बाणाने सांगितलेले नाही. पण वाटा मिळाला नव्हता हे सांगितले आहे, आणि ते सांगण्याची कथेला काही गरज नव्हती. पोपट मारावयास म्हातारा नुसता दुष्ट असून चालला असता.

हा डोळा बाणाला अपघाताने मिळाला नव्हता, याचा पुरावा ‘हर्षचरिता’त आहे. त्याच्या सातव्या उच्छ्वासाच्या अखेरीस हर्ष आपल्या हरवलेल्या बहिणीला, राज्यश्रीला, शोधावयास विंध्याच्या रानात शिरतो, आणि वाटेत एक वनग्राम लागते. ते वर्णन मी या व्याख्यानाच्या निमित्ताने पुन्हा वाचले. सभोवती जंगल, मध्ये खाचरांचे लहान लहान तुकडे. लोक कुदळीने जमीन खणीत आहेत. श्वापदांच्या भीतीने मचाणे उभारलेली आहेत. कोळसा पाडणे चालले आहे. वाटेने माणसे ओझी घेऊन चालली आहेत : धायटीची तांबडी फुले पोत्यांतून, सावरीचा कापूस, ताग, मध, मेण, मोरपिसे, साल काढलेले खैराचे ओंडके, लोधाच्या सालीचे भारे. बायका डोक्यांवर रानफळांच्या टोपल्या घेऊन शेजारच्या गावी विकावयास निघाल्या आहेत. ज्याला आज सरकारी भाषेत गौण वनोपज म्हणतात, त्याची ही यादी सातव्या शतकातली. आपल्या आठवडी बाजाराला निघालेल्या वाटेवर उभे राहिल्यास तिच्यातल्या निम्म्या वस्तू आजही दिसतील.

आणि त्याच वर्णनात एक वाक्यखंड आहे : परगावाहून लाकडे तोडावयास आलेल्यांच्या कुऱ्हाडी वनपाल जबरदस्तीने हिसकावून घेत आहेत. वनपाल हा शब्द बाणाचाच आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ साली झाला. त्याच्या ५२ व्या कलमाने वनाधिकाऱ्याला गुन्ह्यातली हत्यारे, होड्या, गाड्या, गुरे जप्त करता येतात. कलम इंग्रजांनी लिहिले हे खरे, पण कुऱ्हाड हिसकावण्याचा प्रघात त्यांनी आणला असे आता मला म्हणवत नाही. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्याप्रमाणे धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये आले. बाणाच्या त्या वाक्यखंडापासून हिशेब केला तर वाट बरीच लांबली म्हणावयाची.

राज्यश्री सापडली कशी? निर्घात नावाच्या एका शबर तरुणाने वाट दाखविली. बाणाने त्याचे रूप काळेकभिन्न, लोखंडाच्या चालत्या डोंगरासारखे रंगविले आहे. पण तो बोलतो ते नेमके, अदबीने आणि माहितीचे. या रानात हरिणीदेखील आमच्या नकळत फिरत नाहीत, असे तो सम्राटाला सांगतो, आणि दिवाकरमित्र या बौद्ध भिक्षूच्या आश्रमाची वाट दाखवितो. तेथे बातमी लागते आणि सती जावयास निघालेली बहीण वाचते. कथेतला पोपट ज्यांना अज्ञानी म्हणतो, त्यांच्यावाचून इतिहासातल्या सम्राटाचे पाऊल रानात पडत नाही. दोन्ही पुस्तके एकाच माणसाने लिहिली.

आता चांडालकन्येविषयी, कारण तिच्यावाचून ही कथा सुरूच होत नाही. ती शूद्रकाच्या सभेत येते ती टोक चिरफाळलेली बांबूची काठी हाती घेऊन. राजाचे लक्ष वेधण्यासाठी ती काठी फरशीवर एकदा आपटते आणि सारी सभा वळून पाहते. मला संस्कृत वाङ्मयात याहून चांगला प्रवेश ठाऊक नाही. राजा तिचे रूप पाहून थक्क होतो आणि त्याला वाटते, विधात्याने हिला बहुधा स्पर्श न करताच घडविले असावे, विटाळाच्या भीतीने! स्तुती आणि अस्पृश्यता एकाच श्वासात. बाण थट्टा करीत आहे की मनापासून बोलत आहे, यावर वाद घालता येईल. मला वाटते राजा मनापासून बोलत आहे, आणि बाण त्याला बोलू देत आहे.

बाणाच्या हातून पुस्तक पुरे झाले नाही. पत्रलेखा ही चंद्रापीडाला कादंबरीच्या मनातले सांगत असते, तेथेच तो वारला. उरलेला उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला. परंपरेत त्याचे नाव कोठे भूषणभट्ट, कोठे पुलिंद असे येते. आपण कवित्वाच्या गर्वाने नव्हे, तर कथा तुटली म्हणून लोक हळहळले म्हणून लिहितो, असे तो आरंभीच सांगतो. प्रामाणिक मनुष्य दिसतो. लेखणी मात्र बापाची नव्हे. या उत्तरभागाच्या शेवटी चांडालकन्या आपली ओळख देते : ती चांडाळाची पोर नसून साक्षात लक्ष्मी आहे, पोपटाच्या पूर्वजन्मीची आई, मुलाला जपण्यासाठी तिने हे सोंग घेतले होते. एवढे सांगून ती आकाशात निघून जाते. मला हा शेवट आवडत नाही. काठी आपटून सभा वळविणारी मुलगी देवी निघाल्यावाचून मानाची होऊ नये, हे मुलाला सुचले. बापाला तेच सुचले असते काय, हे सांगावयास तो उरला नाही.

मराठीने या पुस्तकाचे नाव घेतले, राजवाडे आणि विरहिणीही पहिल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून घेतल्या. सावरीखालचा म्हातारा घेतला नाही. भामरागडच्या माडियांवर विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ येण्यास १९९२ साल उजाडावे लागले. ती कादंबरी आणि ही कादंबरी एकापाठोपाठ एक वाचावी, असे मी विद्यार्थ्यांना सुचवीन.

ज्यांना मूळ पाहावयाचे असेल त्यांनी आरंभीचे श्लोक खुशाल सोडावेत, शूद्रकाच्या वर्णनातही अडकू नये. काठीचा आवाज होतो तेथून वाचावयास लागावे आणि हारीत हा ऋषिकुमार तहानलेल्या पिलाला उचलून सरोवरावर नेतो तेथपर्यंत जावे. रोज दोन वाक्ये झाली तरी पुष्कळ.